उलटी चाल

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. सगळी नोकरी मुळशी तालुक्यातच झाली, आणि शेवटची बरीच वर्षं चांद्यात, म्हणजे आमच्याच गावात. घरून चालत जायचं आणि चालत यायचं. निवृत्त झाले तेव्हा गावाने शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ज्या माणसाला उद्यापासून कुठेही वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

घरी सगळे म्हणाले, आता आराम करा. म्हणून मी आराम करायला बसले. पडवीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. समोर, जिथे पूर्वी आमच्या भावकीची भातखाचरं होती, तिथे टॉवर उठत होते आणि एक मोठी क्रेन सावकाश फिरत होती. मी क्रेनकडे बघायचे. क्रेन डावीकडे गेली की डावीकडे, उजवीकडे आली की उजवीकडे. जेवायची वेळ झाली की जेवायचे, पण भूक लागलेली नसायची. पहाटे फार लवकर जाग यायची आणि मग उगाच छातीत धाकधूक व्हायची. भाजीला चवच लागेना, म्हणून मी मीठ वाढवत गेले आणि आमचे हे काही न बोलता पाणी पीत गेले. हा सगळा प्रकार पित्ताचा आहे असं माझं ठाम मत होतं. उदास वगैरे माणसं मालिकांमध्ये असतात. आमच्या घरात पित्त असतं.

आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे शेतकरी. थोडी जमीन विकली, थोडी राखली, घरावर चार खोल्या काढून हिंजवडीत कामाला जाणाऱ्या मुलांना भाड्याने दिल्या. पण जीव सगळा त्यांच्या टेम्पोत. भाजी, सिमेंट, लग्नाची भांडी, म्हैस, जे मिळेल ते वाहायचं. माणसांशी बोलतानासुद्धा ते टेम्पोशी बोलल्यासारखं बोलतात, म्हणजे प्रेमाने आणि जरा मोठ्याने.

एक दिवस सकाळी दूध तापत ठेवलं होतं. उतू जायच्या बेताला आलेल्या दुधाचा वास आला, मी खुर्चीतून उठले आणि उजवा पाय उचललाच जाईना. साडीवर कुणीतरी उभं असलं की होतं तसं. मी मागे वळून बघितलंसुद्धा. कुणी नव्हतं. पाय ओढत निघाले तर दोन्ही गुडघे मध्येच लचकायला लागले, हात आपोआप पसरले, आणि मी शेवाळावरून चालल्यासारखी भिंत, फ्रिज, पिठाचा डबा असं एकेक धरत स्वयंपाकघरात पोचले. दूध गॅसवरून खाली ओट्यावर आलं होतं. हे आवाज ऐकून आले. त्यांना वाटलं मी घसरले. त्यांनी फडकं घेतलं आणि दूध तसंच ठेवून कोरडी फरशी पुसत बसले.

दुपारपर्यंत पाय सुधारला नाही, तेव्हा गावातले डॉक्टर घरी आले. त्यांना अर्धांगवायूची शंका होती. ते म्हणाले, बाई, जरा हसून दाखवा. मी हसून दाखवलं. ते म्हणाले, नीट हसा. मी म्हटलं, नीटच हसतेय. त्यांनी काळजीने आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू हलत नाहीत म्हणून बावधनच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. तोंडाला काही झालेलं नव्हतं. बऱ्याच महिन्यांत हसले नव्हते, इतकंच.

बावधनला मला त्या बोगद्यासारख्या यंत्रात घातलं. आत खडखडाट, ठणठणाट, जणू कुणी पत्र्याचं शेड उतरवतंय. बाहेर आले तर हे माझ्यापेक्षा दमलेले दिसत होते. रिपोर्ट आला, मेंदू नॉर्मल, मणका नॉर्मल, रक्तात थोडं ड जीवनसत्त्व कमी, ते तर त्या रांगेतल्या प्रत्येकाचंच कमी होतं. डॉक्टरांच्या सहायकाने अभिनंदन केल्यासारखं सगळं सांगितलं. ह्यांना ते पटलं नाही. एवढ्या मोठ्या यंत्रात जाऊन रिकाम्या हाताने कसं यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मागितली तर ती बऱ्याच दिवसांनंतरची मिळाली. तोवर गोळ्या घ्या आणि चालताना आधार घ्या, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

घरी पाय आणखी बिघडला. जितकं मी मन लावून चालायला जायचे तितका तो हट्टाला पेटायचा. पडवी ते न्हाणीघर हा प्रवास मला लोणावळ्याच्या घाटासारखा वाटायला लागला. आणि अशातच बोकडाचा प्रकार झाला.

आमच्या मागच्या बाजूला एक धनगर कुटुंब राहतं. शेळ्या-मेंढ्या, थोडी शेती, शिवाय बांधकामावरची मजुरी. त्यांच्या बाई माझ्याच वयाच्या, आणि त्यांचा बोकड कुणाच्याच बापाचं न ऐकणारा. त्या दिवशी मी पडवीत कोथिंबीर निवडत बसले होते. बोकड आला, अर्धी जुडी खाल्ली, मग साडीच्या पदराला तोंड लावलं. मी उठून उभी राहिले. त्याने मान खाली घातली आणि शिंगं माझ्याकडे वळवली. त्याच्या डोळ्याला डोळा लावून मी मागे सरकायला लागले. पडवीतून मागे, उंबऱ्यावरून मागे, बैठकीच्या खोलीतून, सोफ्याला वळसा घालून, थेट स्वयंपाकघरात. बोकड माझ्यामागे, म्हणजे माझ्यापुढे. त्याच्या पाठोपाठ त्याला पकडायला आलेल्या धनगरबाई, आणि त्यांच्या पाठोपाठ हे.

बाईंनी बोकडाचा कान धरला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमचा पाय तर लई झ्याक चालतुया."

मी थांबले. पायाकडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकून बघितलं. गुडघा लचकला, हात पसरले, ओटा धरावा लागला. मग मागे गेले. एकदम सुरळीत. पुढे, शेवाळ. मागे, डांबरी रस्ता. हे दारात उभे राहून बघत होते. गाडीचा पुढचा गिअर गेला की रिव्हर्स तरी लागतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं, त्यामुळे मला जेवढा धक्का बसला तेवढा त्यांना बसला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा समाधान दिसलं.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला, वेळ लवकर मिळते का बघायला. मी शेजारीच होते. ते म्हणाले की माझ्या बायकोची चाल उलटी झाली आहे. पलीकडच्या मुलीने विचारलं, उलटी किती वेळा झाली. हे म्हणाले, सकाळपासून चालूच हाय. तिने विचारलं, पोटात काही राहतंय का. हे म्हणाले, पोटाचं काय न्हाई, जेवती बराबर, पर जाती उलटी. तिने पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट द्यायला सांगितलं. ह्यांनी फोन ठेवला आणि मला खरंच एक ग्लास करून आणून दिला. मी तो प्यायले. तेव्हा माझ्यात वाद घालायची ताकद नव्हती.

मग आम्ही उलटं चालणं हीच पद्धत करून टाकली. टेम्पोचा जुना आरसा अडगळीत पडलेला होता. ह्यांनी त्याला लाकडी मूठ बसवली. ती हातात धरून मी मागचं बघत चालायचे. गावात बातमी अशी पसरली की निवृत्त झाल्यावर बाईंना आरशाचं वेड लागलं. आरसा पुरेना म्हणून हे माझ्या बाजूने चालत सूचना द्यायला लागले. तीस-पस्तीस वर्षं क्लीनरने त्यांना जे ओरडून सांगितलं होतं ते सगळं त्यांनी मला ओरडून सांगितलं. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या, आता सरळ, खड्डा हाय, आस्ते, आस्ते, बास. एकदा मी किराणा दुकानापाशी वळत होते तर एका अनोळखी माणसाने आपली गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं मागून ट्रक येतोय.

गावात उलट्या पायांची गोष्ट वेगळी असते. हडळीचे पाय उलटे असतात हे लहानपणी आम्हा सगळ्यांना कुणी ना कुणी सांगितलेलं आहे. माझी जाऊ शेजारच्या घरात राहते. ती आली तेव्हा तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघितलं. मग गिरणीत जाऊन सांगितलं की आक्काचे पाय सरळच हायेत, नुसती चाल उलटी हाय, घाबरायचं काय कारण न्हाई. त्यामुळे ज्यांना घाबरायचं सुचलं नव्हतं तेही घाबरले. वरच्या खोलीतल्या मुलांनी एकदा बिर्याणी मागवली होती. दिवेलागणीला मी पांढरी साडी नेसून गल्लीतून उलटी येत होते. बिर्याणी आणणाऱ्याने मला पाहिलं, गाडी जागच्या जागी वळवली आणि तो गेला तो गेलाच. मुलांनी त्या रात्री आमच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली. माझ्या हातचं मीठ त्यांनाही कळलं.

पण सगळ्यात मोठा गोंधळ समोरच्या सोसायटीने घातला. तिथले बरेच लोक सकाळी आमच्या रस्त्यावर फिरायला येतात, हिंजवडीच्या कंपन्यांतले, त्यांचे आई-वडील, सगळ्या देशातले. एक दिवस ट्रॅकसूट घातलेले, कानपूरकडचे एक निवृत्त गृहस्थ माझ्यापाशी थांबले आणि आदराने विचारायला लागले, की हे जे उलटं चालणं आहे ते गुडघ्यांसाठी आहे ना, त्यांनी मोबाईलवर त्याचे फार फायदे वाचले होते. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मला नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं सोपं जायचं, कारण नाही म्हटलं की पुढे काहीतरी सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ते उलटे चालत होते. आठवड्याभरात त्यांच्यासोबत बरेच जण. मी एका टोकाने उलटी यायचे, ते दुसऱ्या टोकाने उलटे यायचे, आणि मध्ये आमच्या पाठी एकमेकींवर आदळायच्या. दोन बायका भाजीच्या हातगाडीवर बसल्या. ट्रॅकसूटवाले एकदा थेट मेंढरांच्या कळपात शिरले आणि बाहेर कसं पडायचं ते कळेना, कारण पुढे चालायचं नाही हा त्यांचा नियम होता. धनगरबाई काठी टेकवून निवांत बघत उभ्या राहिल्या. शेवटी ह्यांनी सगळ्यांनाच सूचना द्यायला सुरुवात केली. रस्त्याच्या कडेला उभे राहून पहाटे हात हलवत, येऊ द्या, येऊ द्या, कट मारा, ताई थांबा, मागनं म्हस हाय. लवळ्याच्या डोंगरावर जे विद्यापीठ आहे तिथल्या एका मुलीने याचा व्हिडिओ काढला. त्यात मी अगदी पुढे, म्हणजे अगदी मागे, आरसा धरून. माझी मुलगी नाशकात असते, तिने तो पाहिला आणि रडत फोन केला. मी तिला म्हटलं, गुडघ्यांसाठी चांगलं असतं.

अखेर मेंदूच्या डॉक्टरांची वेळ आली. आम्ही टेम्पोने बावधनला गेलो. दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमधून मी उलटी आणि हे सूचना देत, असे आत शिरलो. डॉक्टर दारात येऊन बघत राहिले. ते साधारण चाळिशीचे, शांत. ते हसले नाहीत. त्यांनी मला पुढे चालवलं, मागे चालवलं, आडवं चालवलं. मग झोपवलं आणि माझ्या उजव्या टाचेखाली हात ठेवून म्हणाले, टाच खाली दाबा. दाबली, पण जोरच लागेना. मग म्हणाले, आता उजवा पाय विसरा, डावा पाय वर उचला. मी डावा उचलायला गेले आणि उजव्या टाचेने त्यांचा हात चांगलाच दाबला गेला. त्यांनी हे ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांनी स्वतःचा हात टाचेखाली घालून खात्री करून घेतली.

डॉक्टर म्हणाले की पायात ताकद आहे, नस चांगली आहे, मेंदूही चांगला आहे. फक्त मेंदूकडून पायाला जाणारा निरोप वाटेत गोंधळतो. लक्ष देऊन पाऊल टाकायला गेलं की जास्त गोंधळतो. मागे चालायची मेंदूला सवय नसते, तो निरोप दुसऱ्याच वाटेने जातो, म्हणून तो नीट पोचतो. ह्यांना हे लगेच समजलं. चांदणी चौकात अडकण्यापेक्षा आतल्या रस्त्याने जावं, तसं. डॉक्टरांनाही ते आवडलं.

मग ह्यांनी विचारलं, जे त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. "म्हंजी ही सोंग करत न्हाई?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ह्या हे करत नाहीत. ह्यांना हे होतंय."

मला आजही ती दोन वाक्यं अगदी तशीच आठवतात. सोंग करते आहे असं मला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, पण मी स्वतःला रोज म्हणत होते.

त्यानंतर डॉक्टरांनी पायाबद्दल विचारणं सोडलं आणि झोपेबद्दल विचारलं. भुकेबद्दल विचारलं. पूर्वी काय आवडायचं, आता काय आवडतं ते विचारलं. मी पित्ताचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, शाळा सुटल्यावर सगळ्यात जास्त काय चुकल्यासारखं वाटतं. मला वाटलं मी मुलं म्हणेन, वाचन म्हणेन, परिपाठ म्हणेन. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"डॉक्टर, सगळी नोकरी कुणी ना कुणी करंगळी वर करून मला विचारून जात होतं," मी म्हटलं. "आता कुणी मला विचारून कुठंच जात नाही."

एवढं बोलून मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले, आणि मग बराच वेळ ते थांबेना. हे उठले, बसले, पुन्हा उठले. डॉक्टरांनी सावकाश सांगितलं की याला नैराश्य म्हणतात, तो आजार आहे, त्याला औषध आहे, आणि असा आजार असलेल्या काही माणसांच्या हालचाली अशा बिघडतात. दोन्हींवर एकदम काम करायचं. मनाच्या डॉक्टरांकडे जायचं आणि पायाच्या व्यायामालाही. ह्यांनी विचारलं, हिला काय कमी हाय. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कमी काही असावं लागत नाही.

बाहेर आल्यावर ह्यांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायले. टेम्पोत बसल्यावर म्हणाले, "मला सांगायचं व्हतंस की."

"काय सांगणार? सगळं चांगलं तर चाललंय."

त्यांनी चावी फिरवली. "चांगलं चाललंय म्हणून काय झालं," ते म्हणाले, आणि मग आम्ही घरी आलो.

मनाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं की गुण यायला वेळ लागेल. वेळ लागलाच. व्यायामाला जी मुलगी होती ती वयाने माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलांच्या ताईएवढी. मला काकू म्हणायची. तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर, की काकूंचं लक्ष पायावर जाता कामा नये. तिने मला चेंडू झेलत चालवलं. मग एकोणिसाचा पाढा शेवटाकडून म्हणायला लावला. मी म्हणत निघाले, मध्ये एका ठिकाणी चुकले, आणि आपण पाढा चुकलो या शरमेत खोलीच्या दुसऱ्या टोकाला कधी पोचले ते मला समजलंच नाही. सरळ, पुढे चालत. ती मुलगी टाळ्या वाजवत होती आणि मी तिला म्हणत होते, थांब, मला तो पाढा पुन्हा म्हणू दे.

एकदा तिने विचारलं, तुम्हाला कुठला नाच येतो का. मला लेझीम येत होती. शाळेत दरवर्षी मीच बसवायचे. दोन पावलं पुढे, वाकायचं, वळायचं, उठायचं. लेझीम हातात नव्हती तरी पाय आपोआप पडायला लागले. लेझमीच्या पावलांनी मी पुढे जाऊ शकत होते. मुलगी म्हणाली, काकू, मग घरी तसंच चाला, लाजू नका.

म्हणून गावाने माझा दुसरा प्रकार पाहिला. मी किराणा दुकानात लेझीम खेळत जायचे, कढीपत्ता घ्यायचे आणि लेझीम खेळत परत यायचे. वाकून उठताना पिशवी सांभाळावी लागायची. हे आता सूचना द्यायचे नाहीत, तोंडाने ढोल वाजवायचे. जाऊ गिरणीत सांगून आली की आक्का बरी व्हतीया, आता पुढं चालती, नुसती नाचती. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आता बाप झालेले. ते मला वाटेत दिसले की सवयीने पायाने ठेका धरायचे आणि मग आपण भर रस्त्यात काय करतोय हे लक्षात येऊन लगबगीने निघून जायचे.

हळूहळू वाकणं सुटलं, मग वळणं सुटलं, आणि साधं चालणं राहिलं. झोप त्याच्या आधी आली. एक दिवस आमटी-भाताचा पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सरकवून ह्यांना विचारलं की एवढं खारट तुम्ही कसं खात होता. ते म्हणाले, मला वाटलं आता असंच ऱ्हाणार. मग दोघांनी दही-भात खाल्ला.

मी सरळ चालायला लागले तेव्हा सोसायटीतल्या फिरणाऱ्यांना ते रुचलं नाही. वर्षाच्या मध्यावर बाईंनी अभ्यासक्रम बदलला, असं काहीसं त्यांचं झालं. ट्रॅकसूटवाल्यांनी मला त्यांच्या क्लबहाऊसमध्ये चहाला बोलावलं आणि विचारलं की सरळ चालण्याचे नवीन काही फायदे समोर आले आहेत का. तेव्हा मी सांगून टाकलं. हिंदी माझी फार चांगली नाही, पण सांगितलं, की ते गुडघ्यांसाठी नव्हतं. मला नैराश्याचा आजार होता, अजून औषध चालू आहे, आणि त्या आजारात माझा पाय पुढे जात नव्हता, म्हणून मी मागे जात होते. मी कुठलाही व्यायाम करत नव्हते. मी फक्त दूध आणायला निघालेली असायचे.

कुणीतरी खुर्ची सरकवली. मग ट्रॅकसूटवाले अत्यंत अदबीने म्हणाले, तरीपण त्यांचे गुडघे खरंच बरे आहेत, तर ते चालू ठेवू शकतात का. मी त्यांना परवानगी दिली.

लोक उठल्यावर एक तरुण बाई मागे थांबली. कंपनीत कामाला, मूळची इंदूरकडची. तिची मान मधूनमधून एका बाजूला झटका घ्यायची, हे मी आधीही पाहिलं होतं. ती म्हणाली की आई गेल्यापासून असं होतं, आणि ती सगळ्यांना लॅपटॉपमुळे होतं असं सांगते. मला ती काही सल्ला मागत नव्हती. मी तिला म्हटलं, मी डॉक्टर नाही, पण मी ज्यांच्याकडे गेले ते हसत नाहीत. ती पुढच्या आठवड्यात गेली. परत आली ती सांगायला, की तिच्याही रिपोर्टात सगळं नॉर्मल आहे, आणि आपल्याला त्याचा राग आला. मी म्हटलं, आमच्या घरीही आला होता.

तिच्यामुळेच मराठीचा वर्ग सुरू झाला. इतकी वर्षं पुण्यात राहून भाजीवालीशी नीट भांडता येत नाही, अशी तिची तक्रार होती. मी म्हटलं, ये, शिकवते. ती एक मैत्रीण घेऊन आली, मैत्रीण नवऱ्याला घेऊन आली, आणि ट्रॅकसूटवाले स्वतःची वही घेऊन आले. आता आठवड्यातून दोनदा क्लबहाऊसमध्ये वर्ग भरतो. पाय अजूनही अधूनमधून रुसतो, विशेषतः जास्त दमले तर. तेव्हा मी जरा ताल धरते आणि तो येतो. गोळ्या मनाच्या डॉक्टर कमी करत आहेत, घाई न करता. घरी काही विशेष नाही. हे टेम्पो घेऊन जातात, येतात, आणि आल्यावर आज कसं वाटतंय हे विचारतात. आधी ते मोठ्याने विचारायचे, आता साध्या आवाजात विचारतात.

परवा वर्गात आम्ही आणि आपण यातला फरक शिकवत होते. त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे हे काही केल्या डोक्यात शिरेना. इंदूरची बाई सगळ्यांच्या वतीने उठून म्हणाली, "बाई, आम्ही आता चहा घेऊ."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

ती गोंधळली. मी फळ्याकडे गेले आणि समजावलं, की आम्ही म्हटलं तर मी त्यात नाही, तुम्ही चहा प्याल आणि मी बघत बसेन. मीही पिणार असेन तर आपण म्हणायचं. बराच वेळ त्यांच्यात चर्चा झाली. ट्रॅकसूटवाल्यांनी वहीत काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मग सगळे एकदम, जरा चुकत, पण मोठ्याने म्हणाले की आपण चहा घेऊ. चहा आला. आलं जरा जास्त झालं होतं, पण गरम होता, आणि मी दोन कप घेतले.